तिथीची पाऊणपट आणि मोबाइल

सीवूड्सच्या एनआरआय कॉम्प्लेक्समागच्या बांधावर फेब्रुवारी-मार्चमधल्या रविवारी एक दृश्य हमखास दिसतं. लांबून गाडी काढून आलेलं एखादं कुटुंब, वडिलांच्या गळ्यात दुर्बीण, मुलांच्या हातात वेफर्सची पाकिटं आणि समोरच्या पाण्यात एकही फ्लेमिंगो नाही. अर्धा तास वाट पाहून, ‘व्हॉट्सॲपवर तर हजारो होते’ असं म्हणत मंडळी वडापावच्या गाडीकडे वळतात.

यात पक्ष्यांचं काही चुकलेलं नसतं. मंडळी घड्याळ बघून आलेली असतात आणि फ्लेमिंगो खाडी बघून येतात. ओहोटीला ठाणे खाडीतला चिखल उघडा पडतो, तेव्हा हे रोहित पक्षी तिथे चरत पांगलेले असतात. भरती चढून चिखल बुडाला की थवे उठतात आणि टी. एस. चाणक्य या नौप्रशिक्षण संस्थेच्या मागचं पाणथळ, डीपीएस तलाव अशा उथळ जागी येऊन उभे राहतात. म्हणजे तळ्याकाठी जायचं ते भरतीच्या सुमाराला.

भरती कधी, हे दिवाळे कोळीवाड्यात विचारलं तर कुणी फोन काढणार नाही. तिथीची पाऊणपट करायची, एवढाच हिशेब. पंचमी असेल तर पाचाची पाऊणपट पावणेचार. दुपारी आणि पहाटे पावणेचारच्या आसपास पूर्ण भरती, आणि त्याच्या सहा तास अलीकडे-पलीकडे पूर्ण ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला हा आकडा बाराच्या जवळ येतो. पक्ष कुठला याने फरक पडत नाही, कारण चंद्र दोन्हीकडे सारखाच ओढतो.

ज्यांच्या घरात कालनिर्णय फक्त दुधाचा हिशेब लिहायला टांगलेलं आहे, त्यांच्यासाठी फोन आहे. ‘मुंबई भरतीच्या वेळा’ एवढं शोधलं तरी महिन्याभराचं कोष्टक मिळतं. भारतीय बंदरांची अधिकृत कोष्टकं सर्व्हे ऑफ इंडिया तयार करते, आणि हैदराबादची इन्कॉइस ही संस्था मच्छीमारांसाठी समुद्राचे अंदाज देते. मुंबईची वेळ पाहिली की खाडीत पाणी आत चढायला थोडा वेळ लागतो, तेवढा धरायचा.

इथूनच या लेखाचा रोख सांगून टाकावा. ‘तुमच्याकडे हवीतच अशी दहा ॲप’ छापाच्या याद्या वाचून लोक दहाही ॲप उतरवून घेतात आणि महिन्याभरात नऊ उडवतात, कारण त्या ॲपना विचारायला त्यांच्याकडे काही नसतं. उलट आधी प्रश्न असावा, तोही शक्यतो आपल्या आसपासचा: फ्लेमिंगो का दिसले नाहीत, खिडकीबाहेर सकाळपासून टुकटुक कोण करतंय, आपली सोसायटी उभी राहण्याआधी इथे काय होतं. असा प्रश्न घेऊन गेलं की इंटरनेटवर अजूनही विलक्षण गोष्टी फुकट सापडतात.

टुकटुकीचंच घ्या. नेरूळ, वाशी, बेलापूर इथल्या जुन्या सेक्टरांत आता झाडं चांगली वाढली आहेत आणि उन्हाळ्यात भर दुपारी कुणीतरी तांब्याच्या भांड्यावर बारीक हातोडी मारावी तसा आवाज येत राहतो. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षीप्रयोगशाळेचं ‘मर्लिन’ नावाचं ॲप आहे. ते उघडून आवाज ओळखण्याचं बटण दाबायचं आणि फोन खिडकीत धरायचा. पडद्यावर आवाजाचा आलेख सरकू लागतो आणि काही सेकंदांत खाली नाव येतं: कॉपरस्मिथ बार्बेट, म्हणजे आपला तांबट. तेवढ्यात मागे दयाळने शीळ घातली की त्याची ओळ खाली जोडली जाते. तांबट पुन्हा बोलला की त्याची ओळ उजळते. शाळकरी मुलाला हा खेळ एकदा दाखवावा आणि बाजूला व्हावं.

आवाज ओळखायची ही सोय २०२१ मध्ये आली. ॲपला पैसे लागत नाहीत, जाहिराती नाहीत. मात्र बसवल्यावर भारतातल्या पक्ष्यांचा संच घरच्या वायफायवर उतरवून घ्यावा. मग कर्नाळ्याच्या अभयारण्यात रेंज नसली तरी चालतं. मर्लिन चुकतंही. रिक्षाचा हॉर्न, शेजारचा मिक्सर, पिंजऱ्यातला पोपट यांनी ते गोंधळतं. त्याने नाव सांगितलं की आपण पक्षी डोळ्यांनी पाहावा आणि मगच नोंदवावा.

नोंदवायचा कुठे? त्याच प्रयोगशाळेच्या ‘ई-बर्ड’वर. किती वेळ, कुठे, कोणते पक्षी किती दिसले, एवढंच भरायचं असतं. पक्ष्यांची नावं मराठीत दिसतील अशीही निवड तिथे आहे. गच्चीवरच्या पंधरा मिनिटांच्या अशा यादीला कोण विचारतं, असं वाटेल. पण २०२३ मध्ये देशातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा जो मोठा अहवाल निघाला, त्यात ९४२ जातींचा आढावा होता आणि तो सुमारे ३० हजार हौशी निरीक्षकांच्या तीन कोटी नोंदींवर उभा होता. त्यातल्या कितीतरी नोंदी अशाच गच्च्यांवरून आलेल्या होत्या.

आता तिसरा प्रश्न. आपण राहतो त्या जागी आधी काय होतं?

हा प्रश्न नवी मुंबईत विचारण्यात वेगळीच मजा आहे, कारण या शहराचं वय माणसाच्या वयात मोजता येतं. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी खाडीपलीकडे नवं शहर वसवण्याची कल्पना मांडली ती १९६५ साली. त्यासाठी सिडको स्थापन झाली १७ मार्च १९७० रोजी. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन आणि सुमारे ३४४ चौरस किलोमीटरचं क्षेत्र. हे सगळं बदलताना वरून कुणीतरी पाहत होतं, ते म्हणजे उपग्रह.

‘गुगल अर्थ’ संगणकावर उघडावं (फोनवरही उघडतं, पण ही चैन मोठ्या पडद्यावर करावी) आणि त्यातला ‘टाइमलॅप्स’ हा भाग निवडावा. पृथ्वीची १९८४ पासूनची उपग्रहचित्रं एकापाठोपाठ एक लावून त्याची चित्रफीत केलेली आहे. वाशी शोधा, थोडं मागे या, म्हणजे खाडी, पारसिकचा डोंगर आणि खाली पनवेलपर्यंतचा पट्टा एका चौकटीत येईल. मग चालू करा. सुरुवातीला वाशीचा पांढुरका ठिपका, बाकी हिरवं-तपकिरी. १९९२ साली मानखुर्दहून रेल्वे खाडी ओलांडून आली, त्यानंतर ठिपके रुळांच्या कडेकडेने दक्षिणेला सरकू लागतात. पारसिकच्या अंगावर खाणींचे पांढरे व्रण उमटतात आणि रुंदावत जातात. खारघर पोकळीतून वर येतं. उलव्याकडे टेकडी झिजत जाते, नदीची वाट बदलते आणि तिथे विमानतळाचा सपाट पट्टा दिसू लागतो. आज त्याच पट्ट्यावरून विमानं उडतात.

पहिल्यांदा एकदम पाहून घ्यावं. दुसऱ्यांदा मात्र १९८४ वरच थांबावं. त्याच वर्षाच्या जानेवारीत, १६ आणि १७ तारखेला, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या मोबदल्यासाठी उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांवर उरण परिसरात गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. जमीन गेलेल्यांना साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना त्या लढ्यातून आली. टाइमलॅप्सची पहिली चौकट नेमकी त्या सालची आहे. हा योगायोग उपग्रहवाल्यांना ठाऊक असायचं कारण नाही, पण ते हिरवं-तपकिरी कुणाच्या भातशेतीचं होतं, हे पाहणाऱ्याला ठाऊक असावं.

या जुन्या चित्रांत घरं-रस्ते बारकाईने दिसत नाहीत. एकेक ठिपका तीसेक मीटरचा असतो. आपली इमारत उभी राहताना पाहायची असेल तर गुगल अर्थमधलाच जुन्या चित्रांचा वेगळा पर्याय वापरावा. त्यात गेल्या वीसेक वर्षांतली स्पष्ट चित्रं तारखेनिशी मिळतात. इस्रोचं ‘भुवन’ही आहे. ते २००९ पासून चालू आहे. त्याची चाल जरा सरकारी आहे, पण जमिनीचा वापर, पाणथळ जागा असे थर त्यात पाहता येतात.

उपग्रहाच्याही आधीचं हवं असेल तर चित्रं संपतात आणि शब्द सुरू होतात. ब्रिटिश अमदानीतलं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर १८८२ चं आहे आणि ते ‘इंटरनेट अर्काइव्ह’वर पूर्ण वाचायला मिळतं. भाषा इंग्रजी, साहेबी नजर जागोजागी टोचते. पण बंदरं, मिठागरं, भाताच्या जाती, मासेमारीची जाळी यांची माहिती इतकी बारीक आहे की करावे-बेलापूरच्या आगरी-कोळी कुटुंबातल्या कुणी ती वाचावी आणि चुका काढाव्यात. इंटरनेट अर्काइव्हवर जुनी मराठी पुस्तकंही खच्चून आहेत. शोधताना मात्र नाव मराठीत एकदा आणि रोमन लिपीत दोन-तीन स्पेलिंगांनी टाकून पाहावं, कारण ज्याने पुस्तक चढवलं त्याने ते कसं लिहिलं असेल याचा नेम नसतो.

वाचता वाचता ‘खाजण’, ‘भांग’, ‘उधाण’ असे शब्द अडतील. त्यासाठी शिकागो विद्यापीठाने दक्षिण आशियातल्या भाषांचे कोश ऑनलाइन ठेवले आहेत. त्यात मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आहे, १८५७ ची दुसरी आवृत्ती. दाते-कर्वे यांचा १९३२ पासून निघालेला ‘महाराष्ट्र शब्दकोश’ही आहे. घरी हे खंड ठेवायचे तर कपाट रिकामं करावं लागेल. इथे देवनागरीत शब्द टाकला की झालं. खाजण म्हणजे भरतीचं पाणी जिथवर पोचतं ती खाडीकाठची जमीन. हे कळलं की सीवूड्सच्या पाणथळाला नुसतं ‘वेटलँड’ म्हणताना जीभ जरा अडते.

शाळेच्या प्रकल्पासाठी हा कोश लागणार नाही. तिथे मराठी विश्वकोश पुरतो. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली वाईला हे काम चाललं, पहिला खंड १९७६ मध्ये आला आणि आज सगळे खंड ऑनलाइन फुकट आहेत. जुन्या नोंदी जुन्याच आहेत, त्यामुळे विज्ञानातले आकडे तपासून घ्यावेत. इतिहास, साहित्य, वनस्पती यांसाठी बिनधास्त उघडावा. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तकं आणि बालभारतीची पाठ्यपुस्तकंही पीडीएफ रूपात अधिकृत संकेतस्थळांवरच मिळतात. तीच पीडीएफ पन्नास रुपयांना विकणारे ग्रुप आहेत. त्यांना पन्नास रुपये देऊ नयेत.

रोजच्या धावपळीच्या सोयी नवी मुंबईकराला सांगायची गरज नाही. एम-इंडिकेटर कुणाच्या फोनमध्ये नाही? सचिन टेके या मुंबईच्या अभियंत्याने साध्या बटणांच्या फोनच्या काळात ते केलं आणि वेळापत्रक इंटरनेट नसताना उघडतं हा त्याचा मोठा गुण आजही टिकून आहे. हार्बरला गाडी चुकली तर मागून दुसरी येते. नेरूळ-बेलापूरहून उरणकडे जाणाऱ्या मार्गावर मात्र गाड्या मोजक्याच, तिथे चुकली की फलाटावर बसून राहायचं. त्या मार्गासाठी घरातून निघण्याआधी वेळ पाहावी. पावसाळ्यात त्याच्या जोडीला हवामान खात्याच्या संकेतस्थळावरचं मुंबईच्या रडारचं चित्र उघडावं. ढगांचा लाल पट्टा समुद्रावरून आत सरकताना दिसला, तर ऑफिसातून अर्धा तास लवकर निघणं किंवा सरळ थांबणं, दोन्ही निर्णय नीट घेता येतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ आसपास वीज पडण्याचा इशारा देतं. मेच्या अखेरीस पारसिकवर किंवा कर्नाळ्याला ट्रेकला जाणाऱ्यांनी ते ठेवावं.

करमणुकीचं काय, असं एव्हाना कुणी विचारेलच. वरची सगळी करमणूकच आहे, पण असो.

पनवेल ते सीएसएमटी सव्वा तासाहून जास्त लागतो. उभ्याने प्रवास असेल तर डोळ्यांना पडद्यापासून सुट्टी देऊन कानांना काम द्यावं. स्टोरीटेल २०१७ पासून भारतात आहे आणि मराठी श्राव्य पुस्तकांचा तिथला साठा चांगला आहे, वर्गणी लागते. वर्गणी नको असेल तर प्रसार भारतीचं ‘न्यूज ऑन एआयआर’ घ्यावं. आकाशवाणी मुंबईची अस्मिता वाहिनी त्यावर स्वच्छ ऐकू येते, खरखर नाही. घरातल्या आजी-आजोबांना ही एकच गोष्ट लावून दिली तरी पुष्कळ झालं. त्यांचे हात पडद्यावर भलतीकडे लागतात, म्हणून तिचं चिन्ह पहिल्या पानावर एकटंच ठेवावं.

‘रेडिओ गार्डन’ ही नेदरलँड्समधली कल्पना मात्र थोरांनाही लहान करते. पडद्यावर पृथ्वीचा गोल, त्यावर हिरवे ठिपके. गोल फिरवायचा, ठिपका मध्यावर आणायचा, की त्या गावचं रेडिओ केंद्र आत्ता जे लावून बसलं असेल ते ऐकू येतं. भाषा कळत नाही, तरी सकाळची केंद्रं आणि रात्रीची केंद्रं यांतला फरक आवाजावरून ओळखता येतो. न्यू जर्सीत किंवा सिडनीत राहणारी मुलगी असेल, तर तिच्या शहरावर ठिपका आणून ठेवावा आणि फोनवर बोलताना तिथल्या वाहतुकीची बातमी आपणच तिला सांगावी.

बुद्धिबळ खेळणाऱ्यांनी ‘लिचेस’ पाहावं. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये बातुमीला महिलांचा विश्वचषक जिंकल्यापासून वर्ग लावणारी मुलं वाढली आहेत. सराव मात्र फुकट करता येतो. २०१० मध्ये एका फ्रेंच प्रोग्रामरने हे सुरू केलं, आज ते देणग्यांवर चालतं. जाहिरात नाही, पैसे भरल्याशिवाय उघडत नाही असा एकही भाग नाही, आणि मराठीतही दिसतं. रोज दहा कोडी सोडवावीत. कोडं चुकलं तर ते का चुकलं हे तिथेच संगणकाला विचारता येतं. पालकांनी एकच करावं: अनोळखी खेळाडूंशी गप्पा मारायचं दार सेटिंगमध्ये जाऊन बंद करावं.

नाटकासाठी इंटरनेटवर शोधायचं ते फक्त तिकीट. वाशीचं विष्णुदास भावे नाट्यगृह आणि पनवेलचं वासुदेव बळवंत फडके नाट्यगृह यांचे प्रयोग ऑनलाइन कळतात, जागा निवडता येते, आणि मग फोन बंद करून पहिल्या-दुसऱ्या रांगेत बसावं.

या सगळ्या फुकट गोष्टींमागे पैसा कुणाचा, हा प्रश्न नवीन काही बसवताना दर वेळी विचारावा. विद्यापीठ, सरकारी संस्था, देणग्या, वर्गणी यांपैकी काही असेल तर उत्तर मिळालं. काहीच सापडत नसेल, तर बहुधा आपलीच माहिती विकली जाते आहे. विजेरीच्या ॲपने फोनमधली नावं कशाला मागावीत? मागितली तर काढून टाकावं. आवाज ओळखणाऱ्या ॲपला मायक्रोफोन लागणारच, पण तो ‘वापरत असतानाच’ एवढाच द्यावा.

आणि एक सावधगिरी. ‘तुमच्या गाडीचं चलन’, ‘आज रात्री वीज कापली जाईल’, ‘लग्नाची पत्रिका’ अशा नावाने व्हॉट्सॲपवर एपीके फाइल येते. ती बसवली की फोनमधले ओटीपी दुसऱ्याच्या हातात जातात. ॲप घ्यायचं ते अधिकृत स्टोअरमधूनच, आणि तिथेही बनवणाऱ्याचं नाव वाचून. एकाच नावाची चार नकली भावंडं शेजारी बसलेली असतात. पैसे गेलेच तर त्याच मिनिटाला १९३० वर फोन करावा. तक्रार जितकी लवकर, तितकी पुढच्या खात्यात रक्कम अडवण्याची शक्यता जास्त.

आता पुन्हा बांधावर. फ्लेमिंगो नोव्हेंबरच्या सुमाराला येऊ लागतात, पण थवे भरतात ते जानेवारीनंतर. दिवस निवडताना कोळ्यांचे दोन शब्द लक्षात ठेवावेत. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती, पाणी खूप चढतं. अष्टमीच्या आसपास भांगाची, पाणी बेताचं, त्यामुळे बराचसा चिखल उघडाच राहतो आणि पक्षी खाडीतच रेंगाळू शकतात. पौर्णिमेला पाणी भरपूर, पण वेळ भर दुपारची. ऊन डोक्यावर आणि फोटो पांढरे. तृतीया-चतुर्थी बघावी. चतुर्थीची पाऊणपट तीन. दुपारी अडीचला सीवूड्स स्टेशनला उतरावं, रिक्षा करून तीनच्या आत बांधावर पोचावं, टोपी आणि पाण्याची बाटली बरोबर असावी, गुलाबी-लाल भडक कपडे टाळावेत. ड्रोन घरी ठेवावा. चारनंतर ऊन कलतं, पाणी उतरायला लागतं, आणि थवे परत खाडीकडे निघताना पंखांच्या आतला लाल रंग दिसतो.